पक्ष्यांच्या तळ्यासाठी फायबरची उघाडी घ्यावी का?

उघाडी म्हणजे खाडीकाठच्या बांधात बसवलेला झडपेचा दरवाजा. ती मुळात शेतासाठी आहे. ओहोटीला झडप आपोआप उघडते, आतलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरतीला खाडीच्याच दाबाने ती मिटते आणि खारं पाणी भातात शिरत नाही. किनारी पक्ष्यांसाठी राखलेल्या तळ्याला याच्या उलट लागतं: खारं पाणी ठरवून आत घ्यायचं, ठरल्या उंचीवर धरायचं आणि हळूहळू सोडायचं. फॅब्रिकेशनवाले सध्या चौकटीसकट तयार फायबरची उघाडी बनवून देतात. तिच्याकडे आम्ही इथे फक्त या कामाच्या नजरेने पाहिलं आहे.

मत आधीच सांगतो. झडप म्हणून वस्तू चांगली आहे, जुन्या लाकडी झडपेपेक्षा नक्कीच सरस. पण तिच्या आतल्या बाजूला फळ्या बसवायची खाच नसेल, तर पक्ष्यांच्या तळ्याला ती निम्मीसुद्धा उपयोगी नाही. पैसे कमी असतील तर झडप साधी घ्या, खाच चांगली करून घ्या.

याचं कारण पक्ष्यांच्या पायांत आहे. भरतीला खाडीतली चिखलाची मैदानं बुडाली की टिलवे, चिखल्या, तुतवार, मालगुजे या किनारी पक्ष्यांना पाणी उतरेपर्यंत बसायला उथळ, मोकळी जागा हवी असते. ठाणे खाडीचे पक्षी त्यासाठी भांडुपच्या पंपिंग स्टेशनच्या परिसरात, नेरूळच्या पाणथळींवर, उरणच्या पाणजे-भेंडखळकडे जातात. खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आली, पण यातल्या बऱ्याच जागा तिथल्या फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत आणि त्यांचं जगणं भरतीचं पाणी आत येण्याच्या एखाद-दुसऱ्या वाटेवर टिकून आहे. नेरूळच्या डीपीएस तलावात ती वाट तुंबली आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे रोहित पक्षी मेले. पण पाणी नुसतं येऊन भागत नाही. छोटा टिलवा दोन-तीन सेंटिमीटर पाण्यातच चरतो. शेकाट्या आणि मालगुजा १५ सेंटिमीटरपर्यंत उतरतात. त्यापुढे तळं बदकांचं होतं. म्हणजे सगळा कारभार सेंटिमीटरचा, आणि झडपेला सेंटिमीटर कळत नाहीत. तिला उघडं आणि बंद एवढंच येतं.

फळ्यांच्या खाचेत ते काम होतं. चौकटीच्या आतल्या अंगाला समोरासमोर दोन उभ्या पन्हळी, त्यांत एकावर एक आडव्या फळ्या. खालच्या फळ्या १० सेंटिमीटर उंचीच्या चालतील, वरच्या तीन-चार मात्र ५ सेंटिमीटरच्याच हव्यात. विक्रेते बहुधा सगळ्या १५च्या देतात, त्या घेऊ नका. तळाचा उतार १०० ला १ असेल तर ५ सेंटिमीटरची एक फळी काढल्यावर पाण्याची कड ५ मीटर मागे सरकते आणि तेवढा ताजा, अळ्या-किडे असलेला ओला चिखल उघडा पडतो. २० ला १ असा उभा उतार असेल तर तीच फळी जेमतेम मीटरभर चिखल देते. तिथे उघाडीवर खर्च करण्याआधी काठ सपाट करावा.

फळी काढली की तळं भसकन रिकामं होईल ही भीती अनाठायी आहे. ४ हेक्टरच्या तळ्यात ५ सेंटिमीटर म्हणजे २,००० घनमीटर पाणी. ९० सेंटिमीटर रुंदीच्या खाचेवरून ते सांडताना पहिले ३ सेंटिमीटर उतरायलाच सलग दीड दिवसाहून जास्त वेळ लागतो. भरतीत सांडणं थांबतं हे धरलं तर साधारण तीन दिवस. रोज एक सेंटिमीटर, म्हणजे पक्ष्यांना हवा तसाच वेग. एकदम उपसलेला चिखल उन्हात कडक होतो, आतल्या अळ्या मरतात आणि लांब चोचीचे पक्षीही तिथे फिरकत नाहीत. एप्रिल-मेमध्ये वाफेनेही पातळी रोज खाली जाते, म्हणून त्या दिवसांत फळ्या काढताना हात आखडता ठेवावा.

आता झडपेकडे वळू. फायबर हलकं असल्याने आत-बाहेरच्या पातळीत थोडा फरक पडला तरी ती उघडते. जुनी सागवानी झडप जड, त्यात लाकूड पोखरणारे समुद्री किडे. प्लॅस्टिकची, म्हणजे एचडीपीईची झडपही बाजारात आहे. ते प्लॅस्टिक पाण्यावर तरंगतं. त्यामुळे भरती सुरू होताना पाण्यात बुडालेली झडप वर उचलली जाते आणि मिटायला उशीर करते. घ्यायचीच तर खालच्या कडेला वजन लावून घ्या. फायबरमध्ये हा दोष नाही, पण कापलेल्या कडा आणि बोल्टची भोकं रेझिनने बंद केलेली आहेत ना, हे बोट फिरवून पाहा. काचतंतू उघडे राहिले तर पाणी आत शिरून थर सुटतात.

बिजागऱ्यांवर सर्वांत जास्त फसवणूक होते. खाऱ्या पाण्यात ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील लागतं, ३०४ प्रतीला खड्डे पडतात. दोन्ही दिसायला सारखी, चुंबकानेही फरक कळत नाही. मॉलिब्डेनम हा धातू ३१६ मध्ये असतो, ३०४ मध्ये नसतो. तो ओळखणारे चाचणीचे थेंब मिळतात, एक थेंब टाकला की निकाल लागतो. नट-बोल्ट, वॉशरही त्याच प्रतीचे मागा. स्टीलच्या बिजागरीला साधा लोखंडी बोल्ट लावला तर तो बोल्ट आधी खाल्ला जातो आणि झडप एका बाजूला लटकते. कडेचं रबर ईपीडीएमचं (हा कृत्रिम रबराचा प्रकार) आणि स्क्रूने बदलता येणारं हवं, डिंकाने चिकटवलेलं नको.

पाणी आत घ्यायचं तर झडप वर उचलून धरावी लागते. इथे साखळी चालत नाही, हातचाकाचा स्क्रू हवा. ९० सेंटिमीटर चौरस झडपेवर दोन मीटर पाण्याचा फरक असेल तर दाब दीड टनाच्या वर जातो. म्हणून भरती चढायच्या आत, दोन्हीकडची पातळी सारखी असतानाच ती उचलावी. पाणी घ्यायचे दिवस उधाणाचे, अमावस्या-पौर्णिमेच्या मागेपुढे. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या भरतीत मुंबईकडेच पाणी फारसं चढत नाही, रत्नागिरी-सिंधुदुर्गात तर भरतीचा एकूण चढच कमी. तिथे उघाडीचा तळ किती खाली ठेवायचा हे तिथल्याच खाडीत खुणेची पट्टी रोवून, उधाण-भांगाचं निदान एक पूर्ण चक्र मोजून ठरवावं. दुसऱ्या जिल्ह्यातला नकाशा उचलून बसवलेल्या उघाड्या उधाणालाही कोरड्या राहतात.

बिघाड ठरलेले आहेत. चौकटीच्या बैठकीवर कालवं धरतात, झडप बोटभर उघडी राहते आणि एका रात्रीत आठवड्याची मेहनत वाहून जाते. दर पंधरवड्याला, ओहोटीत, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या खरवडणीने ती काढावीत. लोखंडी पटाशीने फायबरला ओरखडे पडतात. पिशव्या आणि ओंडके अडवायला बाहेर जाळी हवी. तीच जाळी पावसाळ्यात वाहून येणाऱ्या तिवराच्या बियाही बऱ्याच थोपवते. हे महत्त्वाचं, कारण एकदा तिवर रुजलं की ते कायद्याने संरक्षित आहे, उपटता येत नाही, आणि मोकळ्या चिखलावर बसणारे पक्षी झाडीजवळ उतरत नाहीत. तिसरा बिघाड उघाडीत नसून शेजारी असतो: खेकडे चौकटीलगतचा बांध पोखरतात आणि पाणी बाजूने झिरपू लागतं. चौकटीला दोन्हीकडे मातीत रुतणारे पंख असलेलाच नमुना निवडा, आणि भराव चिकणमातीचा, थराथराने धुमसून करून घ्या. फळ्यांच्या फटींना चिखल-पेंढा पुरतो, सिलिकॉनची गरज नाही.

ओहोटीला उघाडीच्या तोंडाशी जाळं लावणं ही गावाची जुनी वहिवाट असते, रायगडात तर जिताड्याची पिल्लं याच वाटेने तळ्यात येतात. कुलूप घालून ती मोडू नये. जाळं कोणत्या दिवशी लावायचं हे गावाबरोबर ठरवावं आणि तुटलेली नायलॉनची जाळी त्याच दिवशी उचलावी. पाण्यात राहिलेल्या तुकड्यात तुतवारांचे पाय अडकतात.

ऑर्डर देण्याआधी परवानगीचं पाहा. खारबंदिस्तीचा, म्हणजे खारं पाणी अडवणारा बांध असेल तर खारभूमी विभाग, शिवाय सीआरझेडचे (किनारा नियमन क्षेत्राचे) नियम आणि जवळ तिवरं असतील तर वनविभागाचा कांदळवन कक्ष. २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानुसार तिवरांच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकाम करता येत नाही, त्यामुळे जुन्या उघाडीच्या जागी नवी बसवणंसुद्धा विचारल्याशिवाय सुरू करू नये. काम मार्च ते मेमध्येच शक्य असतं, पण तेव्हा परतीचे पक्षी चरत असतात. तळं दोन भागांत बांध घालून वेगळं करता आलं तर एका भागात काम आणि दुसऱ्यात पाणी ठेवा. बिलावर स्टीलची प्रत, रबराचा प्रकार आणि फळ्यांची उंची लिहून घ्या, शिवाय रबराचा एक जादा संच आणि ५ सेंटिमीटरच्या चार जादा फळ्या त्याच वेळी मागा.