‘स्पाइट’साठी कोणता शब्द घ्यावा: द्वेष, खुन्नस, डूख की आकस?

इंग्रजीतील ‘स्पाइट’ मराठीत आणताना द्वेष, खुन्नस, डूख आणि आकस हे चार शब्द हाताशी असतात. अनुवादाच्या कामात मी चारही वापरून पाहिले आहेत. मत्सर आणि हेवा मी येथे बाजूला ठेवतो, कारण दुसऱ्याजवळ जे आहे ते आपल्याला हवे असणे त्यांच्या मुळाशी असते. स्पाइटमध्ये ते हवेपण नसले तरी चालते. समोरच्याला ते लाभू नये, एवढेच पुरते.

पहिल्यांदा मी साहजिकच ‘द्वेष’ घेतला आणि त्यानेच मला अडचणीत आणले. एका कथेतील माणूस स्वतःच्याच अंगणातले झाड तोडतो, कारण त्याची सावली शेजाऱ्याच्या ओट्यावरही पडते. ‘द्वेषापोटी त्याने झाड तोडले’ असे मी लिहिले. मसुदा वाचणाऱ्या दोघांनी वेगवेगळ्या वेळी मला एकच प्रश्न विचारला: या दोघांत पूर्वी असे काय घडले होते, मधला एखादा परिच्छेद गळला आहे का? मूळ कथेत काहीही घडलेले नव्हते. द्वेष म्हटला की वाचक त्याच्या तोलामोलाचे कारण शोधू लागतो. शिवाय द्वेष मनात वर्षानुवर्षे काहीही न करता राहू शकतो, तर स्पाइट कळतो तो कृतीतूनच, आणि त्याचे कारण पुष्कळदा क्षुल्लक असते. ‘आकसापोटी’ असा बदल केल्यावर तो प्रश्न पुन्हा कोणी विचारला नाही. दोन वाचकांवरून नियम ठरत नाही हे मला मान्य आहे, तरी त्यानंतर ‘द्वेष’ माझ्या हातून या जागी उतरलेला नाही.

‘खुन्नस’ संवादात उत्तम बसते. मात्र खुन्नस डोळ्यांत दिसते, ती समोरासमोर दिली जाते. गुपचूप केलेल्या खोडीला तो शब्द मोठ्या आवाजाचा वाटतो. ‘डूख’ धरली जाते ती झालेल्या दुखापतीची, आणि तिच्यात डंख मारण्याइतकेच वाट पाहणेही असते. दीर्घ स्मरणशक्तीच्या पात्रासाठी मी तो शब्द अवश्य घेईन.

‘आकस’ही निर्दोष नाही. ‘आकसाने कारवाई केली’ असे बातम्यांत इतके वाचायला मिळते की घरगुती प्रसंगात तो किंचित सरकारी वाटू शकतो. तरीही आकस धरता येतो, ठेवता येतो आणि ‘आकसापोटी’ म्हटले की भावनेवरून थेट कृतीवर येता येते. ही सोय मला फार मोलाची वाटते.

या चारांपैकी एकाही शब्दात न येणारी छटा म्हणजे स्वतःचे नुकसान. उत्क्रांतीचे अभ्यासक विल्यम हॅमिल्टन यांनी 1970 च्या शोधनिबंधात स्पाइटचा विचार केला तो याच अर्थाने: स्वतः तोटा सोसून दुसऱ्याचा तोटा करणे. त्यासाठी मराठीत नाम शोधत बसण्यापेक्षा ‘आपले नाक कापून दुसऱ्याला अपशकुन’ ही म्हण जवळची आहे. योगायोग असा की इंग्रजी म्हणीतही नाकच कापले जाते. क्रियापद हवे असेल तेथे ‘त्याची जिरवण्यासाठी’ हे बोलीतले रूप मला कोणत्याही संस्कृत शब्दापेक्षा नेमके वाटते.

‘इन स्पाइट ऑफ’मध्ये आकसाचा अंशही उरलेला नाही, म्हणून तेथे ‘असूनही’ सहसा पुरेसे होते. मात्र ‘स्पाइट’ हा शब्द जुन्या फ्रेंचमार्गे ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा अर्थ वरून खाली पाहणे, तुच्छ लेखणे असा आहे. त्यामुळे कर्त्याची जिद्द दाखवायची असेल तेथे मी ‘न जुमानता’ निवडतो. ‘ताप असूनही तो आला’ या वाक्यात केवळ परिस्थिती कळते. ‘तापाला न जुमानता तो आला’ म्हटले की तापाला तुच्छ लेखणारा माणूस दिसू लागतो.