काउन्सेलर मॅडम एक नंबर, ॲपचा मात्र भरवसा नाही (2 स्टार)

भाची लातूरला नीटची रिपीटर बॅच करायली. टेस्टचे मार्क घसरले तशी झोप उडाली, जेवण सुटलं, आणि दवाखान्यात चल म्हणलं तर कुणी बघितलं तर म्हणून लाजायली, म्हणून व्हिडिओवर काउन्सेलिंग देणारं एक ॲप घेतलं. एका सेशनला 700 रुपये, भरले माझ्या फोनवरून.

मॅडमबद्दल काहीच तक्रार नाही. आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी नंबर प्रोफाइलवरच दिलेला. आधी विचारलं तू कुठं बसलीस, रूममधे कोण आहे, काही कमीजास्त झालं तर फोन कुणाला लावू. रूममधल्या दोघी मेसला गेल्या तेव्हाच बोलणं सुरू केलं.

लफडं पुढं आहे. सेशन संपलं की माझ्या मोबाईलवर रिपोर्ट टपकला, मूड स्कोअर, खाली ठळक अक्षरात 'घरच्यांचा दबाव'. अरे पैसे मी भरले पण पेशंट ती आहे ना! 18 पूर्ण झालेली पोरगी, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क पेशंटला दिलाय, पैसे भरणाऱ्याला नाही. तिला सांगितलं तर म्हणली, मामा, मग मी तिथं बोलू तरी काय?

बरं हा रिपोर्ट लिहितंय कोण, तर एआय. म्हणजे सगळं बोलणं रेकॉर्ड व्हायलंय आणि परवानगी घेतली कुठं तर सुरुवातीच्या लांबलचक इंग्रजी फॉर्ममधे, दोन दोन रात्री न झोपलेलं लेकरू ते काय वाचणार? मॅडम म्हणल्या नोट्स लिहायचा वेळ वाचतो, पण बंद करायचं बटन आमच्याकडं नाही. एआयला माझा विरोध नाही हो, लिहीत बसण्यापेक्षा पेशंटकडं लक्ष राहत असेल तर चांगलंच की. पण आधी मराठीत विचारा, आणि नको म्हणलं तरी सेशन द्या. वरून तिच्या फोनच्या लॉक स्क्रीनवर नोटिफिकेशन, 'आज मन कसं आहे? काउन्सेलिंग 7 वाजता', झालं, सगळ्या रूमला कळलं.

2023 च्या डेटा कायद्यात लिहिलंय की संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज काढून घेता आली पाहिजे. इथं द्यायला एक टिक, काढायला मेल करा, कारण लिहा, आधार जोडा. रेकॉर्डिंग पुसायला आधार कशाला लागतंय?

घेणारच असाल तर अकाउंट लेकराच्याच नंबरवर काढा, नोटिफिकेशन बंद करा. तोवर 14416 आहे, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलि-मानस, फुकट, 24 तास, मराठीत बोलतात. आमचं रेकॉर्डिंग डिलीट केलं का, त्याचं उत्तर अजून आलं नाही.