गव्हाचा तांबेरा: कडकडीत प्रतिकार बरा की सावकाश रोखणारा?

परभणी, हिंगोली, नांदेडकडे विहिरीच्या पाण्यावर एक-दोन एकर गहू करणाऱ्यांपुढे ऑक्टोबरात प्रश्न ठरलेला असतो: बी कुठलं घ्यायचं? लोकवनची पोळी चांगलीच होते, पण तांबेरा, म्हणजे पानांवर गंजासारख्या पुळ्या आणणारा बुरशीचा रोग, त्याला लवकर गाठतो. म्हणून प्रतिकारक वाण घ्यावं म्हटलं, तर त्यातही दोन तऱ्हा आहेत आणि त्यांचं वागणं एकदम वेगळं आहे.

पहिल्या तऱ्हेत एकच जोरकस जनुक काम करतं. दवानं ओल्या पानावर बीजाणू, म्हणजे बुरशीचं धुळीसारखं बारीक बी, रुजतो, पर्णरंध्रातून आत शिरतो आणि पेशीतून अन्न ओढायला लागतो. ओढताना रोपाची ताकद मोडण्यासाठी काही प्रथिनंही सोडतो. त्यातलं एखादं प्रथिन रोपानं ओळखलं की ती पेशी स्वतःहून मरते. तांबेऱ्याला जिवंत पेशीच लागते, त्यामुळे तो तिथंच उपाशी मरतो. पानावर उरतो टाचणीच्या टोकाएवढा फिका ठिपका. शेत अगदी स्वच्छ दिसतं. पण बुरशीनं ते एक प्रथिन बदललं की सगळा बंदोबस्त संपला. राय या धान्यातून गव्हात आणलेलं एसआर ३१ हे असंच जनुक जगभरच्या वाणांत होतं. खोडावरच्या काळ्या तांबेऱ्याची त्याला भेदणारी प्रजात १९९८ साली युगांडात सापडली. तीच यूजी ९९.

दुसऱ्या तऱ्हेत तांबेरा येतो, पण रेंगाळतो. पुळ्या उशिरा फुटतात, बारीक राहतात, बीजाणू कमी सोडतात. एलआर ३४ हे यातलं नावाजलेलं जनुक: तपकिरी, पिवळा, काळा असे तिन्ही तांबेरे आणि भुरी हा पांढऱ्या बुरशीचा रोग, चारहींवर थोडा थोडा लगाम घालतं. शंभरेक वर्षं वापरात असूनही ते मोडलेलं नाही. मात्र एकट्याच्या जोरावर मोठी साथ ते पेलत नाही, आणि त्याचा खरा जोर पीक मोठं झाल्यावरच दिसतो. ध्वजपानाचं, म्हणजे ओंबीखालच्या शेवटच्या पानाचं, टोक वाळलेलं दिसलं तर लगेच रोग समजू नका. या जनुकाचीच ती खूण असू शकते.

आता आपल्याकडचं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तांबेरा शेतात जगत नाही. तो दरवर्षी वाऱ्यावर येतो, मुख्यतः निलगिरीच्या डोंगरांतून, जिथं थंडाव्यामुळे तो वर्षभर टिकतो. म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेला गहू तो पोचेपर्यंत बऱ्यापैकी मोठा झालेला असतो. अशा पेऱ्याला, विशेषतः घरचंच बी तीन-चार वर्षं चालवणार असाल तर, मी दुसरी तऱ्हा घेईन. चार पुळ्या दिसतील, पण त्या पाहून घाबरून फवारणीला धावू नये. ध्वजपान हिरवं आहे ना, ते आधी बघावं.

कापूस उपटून डिसेंबरात पेरणार असाल तर मात्र नुसत्या सावकाश प्रतिकारावर विसंबू नका. पीक कोवळं असतानाच बीजाणू येऊन पडतात. तिथं जोरकस जनुकाचं वाण घ्या, बी दर दोन-तीन वर्षांनी बदला, आणि शिवारात सगळ्यांनी एकच वाण पेरू नये हे शेजाऱ्यालाही सांगा. दोन्ही तऱ्हा एकत्र असलेलं वाण मिळालं तर थोडे पैसे जास्त गेले तरी तेच घ्यावं. वाणात कुठल्या तऱ्हेचा प्रतिकार आहे हे पिशवीवर लिहिलेलं नसतं. परभणीच्या कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात वाणाचं नाव घेऊन सरळ विचारा.