सुपर रेड सांगून बंजार गळ्यात मारला : अरोवाना घेणाऱ्यांनी आधी हे वाचा

एक लाख वीस हजार रुपये, ‘सुपर रेड’ म्हणजे गडद लाल प्रकारच्या अरोवाना माशासाठी. मासा १,१०,०००, ‘पेपर’ म्हणजे प्रमाणपत्र आणि सरकारी नोंद ६,५००, चेन्नईहून पॅकिंग आणि वाहतूक ३,५००. त्यातले ४०,००० आगाऊ फोनवरून गेले. उरलेले ८०,००० मासा घरी आला तेव्हा रोख घेतले, कारण म्हणे ‘एवढी रक्कम खात्यावर दिसली की टॅक्सची कटकट होते’. या पैशात आमच्या पदरात पडला आठ इंची बंजार, म्हणजे अरोवानाचाच फिकट रंगाचा, कमी दर्जाचा प्रकार, अंगात चिप नाही, आणि सोबत प्रमाणपत्राची रंगीत झेरॉक्स.

‘शेवटचाच पीस आहे’, ‘दुसरं गिऱ्हाईक थांबलंय’ ही भाषा सगळ्यांच्या ओळखीची आहे, आमच्याही होती. पण या विक्रेत्यानं पैशाच्या आधी टाकीची मापं विचारली, पीएच विचारला, झाकण किती जड आहे तेही विचारलं. अरोवाना उडी मारतो आणि हलकं झाकण ढकलून बाहेर पडतो, हे ज्याला माहीत आहे तो मासे पाळणारा असतो, असं कुणालाही वाटेल. हे प्रश्न विश्वास बसावा म्हणूनच विचारले जातात, हे आता कळतंय.

खरी चीड येते ती चिप वाचणाऱ्या स्कॅनरची. आशियाई अरोवाना सायटिसच्या, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट १ मध्ये येतो. नोंदणीकृत फार्मवरून निघालेल्या माशाच्या पाठीच्या स्नायूत तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते आणि तिचा नंबर प्रमाणपत्रावर छापलेला असतो. विक्रेत्यानं पिशवीजवळ स्कॅनर धरला, स्क्रीन आमच्याकडे वळवली, नंबर प्रमाणपत्राशी तंतोतंत जुळला. पण बीप वाजलाच नव्हता. आकडा स्क्रीनवर आधीपासून होता. काही स्कॅनर आधी वाचलेला नंबर मेमरीत ठेवतात आणि तो पुन्हा स्क्रीनवर आणता येतो. ‘आवाज बंद ठेवलाय, मासा बिचकतो’ असं त्यानं सांगितलं आणि ते पटण्यासारखंच होतं. त्या क्षणी एवढंच म्हणायला हवं होतं : मेमरी पुसा आणि आमच्यासमोर पुन्हा वाचा. एका वाक्यावर रोख दिलेले ऐंशी हजार तरी वाचले असते. नंतर प्राण्यांच्या डॉक्टरांचा स्कॅनर आणून पाठीवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत फिरवला. काही नाही.

चिप पिशवीतच वाचून घ्या. टाकीत गेल्यावर १२ मिमी काच आणि मधलं पाणी यांमुळे स्कॅनरचा पल्ला अपुरा पडतो, आणि ‘मासा जवळ येत नाही म्हणून वाचत नाही’ ही सबब विक्रेत्याला आयती मिळते. कुत्र्यांच्या चिपा वाचणारा १३४.२ किलोहर्ट्झचा स्कॅनर बहुतेक वेळा चालतो, पण काही जुन्या चिपा १२५ च्या असतात, म्हणून दोन्ही वाचणारा मागा.

आता रंग. सगळे व्हिडिओ गुलाबी-लाल ट्यूबखाली काढलेले होते. त्या उजेडात बंजारसुद्धा लालबुंद दिसतो. आमच्याकडे ६५०० केल्विनच्या पांढऱ्या एलईडीखाली आल्यावर पंखांचा लाल उतरून फिकट नारिंगी झाला, कडा पिवळसर आणि अंग हिरवट-पिवळं. चांगल्या सुपर रेडचे पंख या वयातही गडद लाल असतात. खवल्यांचा आणि कल्ल्यांवरचा रंग मात्र पुढे काही वर्षांनी भरतो, आणि ‘थांबा, रंग येईल’ ही थाप त्याच आधारावर चालते. कल्ल्यांवरच्या रंगासाठी थांबावं लागतं, पंखांसाठी नाही. खिडकीजवळ, दिवसाउजेडी, सगळे दिवे बंद करून काढलेला व्हिडिओ मागा. देत नसेल तर सौदा तिथेच सोडा.

रंगाची तक्रार केली तर दोष आमच्या पाण्यावर आला. टाकी सहा बाय अडीच बाय दोन फूट, म्हणजे आठशे लिटरच्या वर. खाली संप म्हणजे पाणी गाळणारी टाकी, तापमान २९, पीएच ६.८, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २०, आठवड्याला २५ टक्के पाणी बदल, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढूनच. या पाण्याला कुणी नावं ठेवून दाखवावीत. काळ्या पार्श्वभूमीनं मासा गडद होतो हे खरं, पण तिनं सुपर रेडचा बंजार होत नाही. रीडिंगची वही तारखेसकट ठेवा, वादात तीच कामी येते.

आणि मग सरकारी दारं. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य, ‘माशाला लाख रुपये कोण देतं?’ मग ‘माल तर मिळाला ना, हे दिवाणी आहे, ग्राहक मंचात जा.’ खोटं प्रमाणपत्र दाखवून पैसे घेणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे. सायबरवाल्यांनी सांगितलं, ऑनलाइन गेले ते चाळीस हजारच, रोख दिलेल्याचं आम्ही काय करणार. वन्यजीव कायद्याचं काम पाहणाऱ्या कचेरीत तर आम्हीच आरोपी. १ एप्रिल २०२३ पासून सायटिसमधल्या प्रजाती चौथ्या अनुसूचीत आल्या, २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, मालकी बदलली तरी. त्याच कामाचे ६,५०० आम्ही मोजलेत, त्याची बनावट प्रिंट समोर ठेवली, तरी उत्तर काय, ‘नोंद नाही म्हणजे मासा तुमच्याकडे बेकायदा आहे.’ ज्यानं विकला त्याचं नावसुद्धा कुणी लिहून घेतलं नाही. असले विक्रेते याच भीतीवर जगतात. फसलेला माणूस तक्रारीला गेला की त्यालाच दरडावायचं, मग विकणाऱ्याला धाक कुणाचा?

पोलीस गुन्हा नोंदवत नसतील तर तोंडी वाद घालू नका. लेखी अर्जावर पोचशिक्का घ्या आणि तोच अर्ज पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) मध्ये तशी सोय आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, लगेच फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. रोख देऊ नका. द्यावीच लागली तर पक्क्या बिलावर प्रजात, प्रकार, लांबी आणि चिप नंबर लिहून घ्या. नुसतं ‘फिश १ नग’ लिहिलेल्या बिलावर काहीच सिद्ध होत नाही. पोर्टलवरची नोंद विक्रेत्यानं आपल्या लॉगिनमधून तुमच्यासमोर उघडून दाखवली तरच मान्य करा, प्रिंट चालणार नाही.

आणखी एक. तक्रारीची कुणकुण लागताच फोन येतो, ‘मासा परत पाठवा, वर २०,००० द्या, दुसरा देतो.’ आम्हालाही आला. मासा परत पाठवू नका, पुरावा तोच आहे. तारीख दिसेल असा दिवसाउजेडातला व्हिडिओ काढा, डॉक्टरांकडून ‘चिप आढळली नाही’ असं लेटरहेडवर सहीनिशी घ्या, आणि मग त्या माणसाशी जे बोलायचं ते फक्त लेखी.