भांडी बाजारातलं तांब्या-पितळेचं दुकान: आधी पाणी विचारतात, मग भांडं दाखवतात

नाशिकच्या भांडी बाजारात दुकानांना तोटा नाही. पण ‘पाणी कुठलं भरणार?’ असं गिऱ्हाइकाला विचारणारं दुकान मला हे एकच भेटलं. पिण्याच्या पाण्यासाठी तांब्याचा हंडा घ्यायचा होता आणि सासूबाईंच्या वेळची पितळी कळशी मोडीत द्यायची होती.

दुकानदार काकांनी कळशी तराजूत टाकण्याआधी उलटी करून बोटाने वाजवली. पितळ कसं खणखणीत वाजतं, ही बद्द वाजली. बुडाला पांढुरकी भुकटी धरली होती. चाकूच्या टोकाने ती खरवडली, तर खाली पिवळा रंग नाहीच. बोराएवढा तांबूस, भुसभुशीत डाग. “ताई, यातलं जस्त पाण्याने खाल्लं, तांबं तेवढं मागे राहिलं. बोअरचं पाणी साठवता का?” आमच्याकडे पंचवटीत नळाला गंगापूर धरणाचं पाणी येतं, पण वापरायला बोअर आहे आणि कळशी त्याच पाण्याची. पितळात तांबं आणि जस्त दोन्ही असतं. खारट पाणी एकाच जागी साचून राहिलं की आधी जस्त सुटतं. भांड्याचा आकार होता तसा दिसतो, ताकद मात्र गेलेली असते. पुढे तिथूनच पाणी पाझरतं. एवढं सांगूनही मोडीचा भाव त्यांनी पाडला नाही, हे मुद्दाम लिहिते.

हंडा ठोक्याचा घेतला, जाड पत्र्याचा. आतून काही दिवसांत तपकिरी होईल, तो थर रोज चिंच-मीठ लावून काढू नका, असं काकांनी बजावलं. मला ते पटलं. तो थर तांब्याच्या ऑक्साइडचा. तो खालच्या धातूला झाकतो. रोज घासून लखलखीत केलं की उघडं तांबं पुन्हा पाण्यात उतरायला लागतं. हिरवं काही दिसलं तर मात्र घासायचंच. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातल्या तांब्याची मर्यादा लिटरला 2 मिलिग्रॅम आहे. साधं पाणी रात्रभर ठेवायला हरकत नाही, लिंबाचं सरबत आणि ताक तांब्यात नकोच. आणखी एक गोष्ट तिथेच कळली: तांब्याच्या हंड्यातलं पाणी ॲल्युमिनियमच्या पातेल्यात भरून ठेवू नये. पाण्यात उतरलेलं थोडंसं तांबंही ॲल्युमिनियमवर बसतं आणि तिथे बारीक भोकं पडायला लागतात. कितीतरी घरांत पाणी असंच काढून ठेवतात.

इथली कल्हई मला सगळ्यात आवडली. कारागिराने कथलाची काडी माझ्या कानाशी धरून वाकवली, करकर आवाज आला. शुद्ध कथील असं बोलतं, शिसं वाकवलं तर गप्प. मग पातेलं तापवून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने कथील फिरवलं. कथील 232 अंशांना वितळतं, त्यामुळे भट्टी फार पेटवावी लागत नाही, पण हात झपाझप चालावा लागतो. काठाच्या आतल्या वळणावर, जिथे बहुतेक जण सोडून देतात, तिथेही त्याने दोनदा बोळा फिरवला. कल्हई केलेलं पातेलं रिकामं चुलीवर ठेवायचं नाही, हे त्याने पैसे घेण्याआधी सांगितलं.

स्टीलच्या बाबतीत दुकान थोडं कमी पडतं. काही डब्यांवर स्टीलची प्रत 304 की 202, याचा शिक्काच नाही. चुंबक लावून पाहण्यात अर्थ नाही, दोन्हींना तो सहसा चिकटत नाही. फरक निकेलचा आहे, 202 मध्ये ते कमी असतं आणि 202 खाऱ्या पाण्यात लवकर टिपके धरतं. पिंप घ्यायचं तर शिक्का असलेलंच मागा. आणि स्टीलच्या पातेल्यात गार पाण्यात मीठ टाकू नका, उकळी आल्यावर टाका. तळाला बसलेला खडा तिथेच स्टीलला खड्डा पाडतो.

जस्ती, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी बादल्याही आहेत. लोखंडाच्या आधी जस्त स्वतः झिजतं, म्हणून ती बादली टिकते. पण कडकडीत पाण्याला वापरायची नाही. साधारण 60 अंशांच्या वर काही पाण्यांत हा खेळ उलटतो आणि जस्ताऐवजी लोखंड झिजायला लागतं. हे सांगून काकांनी बंबाच्या पाण्यासाठी मागितलेली बादली माझ्या हातातून परत घेतली. विक्री सोडून देणारा दुकानदार आजकाल कुठे दिसतो?

फळ्यांची मांडणी पाहण्यासारखी आहे. पावसाळ्यात गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीपर्यंत पाणी चढलं की या भागात आवराआवर सुरू होते. इथे खालच्या फळीवर कायम तांबं-पितळ, अगदी वर लोखंडी तवे आणि कढया. गाळ धुतला की तांब्याचं भांडं पुन्हा विकता येतं, तव्यावर मात्र दोन दिवसांत गंज फुगतो.

तक्रार म्हणाल तर घडणावळ किती, हे आधी विचारून घ्या. बिलात ती वेगळी लागते आणि मोडीचा भाव फळ्यावर लिहिलेला नसतो. कल्हई सकाळीच करतात. गाडी आत नेऊ नका, रविवार कारंजाकडे लावून चालत या, आणि मोडीची भांडी जड असतील तर सोबत कुणाला तरी आणा.