काजू कारखान्याचा हिशेब: एक्सेल की पॉवर बीआय?

'बिझनेस इंटेलिजन्स' (धंद्याच्या नोंदींतून निर्णयाला उपयोगी माहिती काढणं) हा शब्द आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी 1958 सालच्या लेखात वापरला. रूढ झाला तो 1989 नंतर, हॉवर्ड ड्रेसनर यांच्यामुळे. वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यापुढचा प्रश्न मात्र साधा: कुठल्या लॉटच्या बीला किती गर उतरला?

एकाच युनिटला एक्सेलची पिव्होट टेबल (नोंदींची गटवार बेरीज मांडणारा तक्ता) पुरते. फक्त 'रिफ्रेश' दाबायचं राहिलं, की कालचाच उतारा दिसतो.

खरेदी, प्रक्रिया आणि विक्रीच्या फायली वेगळ्या असतील, तरच पॉवर बीआय (वेगवेगळ्या फायली जोडून अहवाल दाखवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) घ्यावं. लॉट नंबरवर त्या जोडता येतात. पण गराची प्रत एकाने 'डब्ल्यू-320' आणि दुसऱ्याने नुसतं '320' लिहिलं, तर एकाच प्रतीचे दोन ढीग दिसतात. (दोन्हींचा अर्थ पाऊंडाला 300 ते 320 नग, हे मशीनला कुठून ठाऊक?) म्हणून नोंदीच्या रकान्यात प्रतवारीची ड्रॉपडाउन यादी आधीच लावून घ्यावी.