जुन्या ओम्नीला तेराची चाकं की चौदाची?

ओम्नी २०१९ साली बंद झाली, पण ठाण्यात अजून बऱ्याच धावतायत आणि त्यांची बारा इंची चाकं मालकांना कधी ना कधी खुपतातच. घोडबंदर रोडचे खड्डे हे सांगायचं कारण, दिसणं हे खरं. पीसीडी (चाकाच्या बोल्टच्या वर्तुळाचा व्यास) जुळणारी रिम मिळाली की मग साइजचा घोळ सुरू होतो.

चौदाची चाकं रुबाबदार दिसतात, वादच नाही. १५५/६५ आर१४, म्हणजे १५५ मिमी रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के (हाच प्रोफाइल) आणि रिम चौदा इंची; हा जुन्या वॅगनआरला चालतो, त्यामुळे टायर सहज मिळतो. मूळचा टायर ८० प्रोफाइलचा धरला तर उंचीला सुमारे ५३७ मिमी, हा भरतो ५५७. गाडी सेंटीमीटरभर उचलली जाते, पण टायरचा माथाही कमानीच्या तेवढाच जवळ जातो. तेरावर १५५/७० घेतला तर उंची ५४७, म्हणजे फरक निम्मा.

माझा निकाल त्या निम्म्या फरकानेच लागला. मित्राची चौदाची चाकं मी माझ्या गाडीला लावून बघितली होती. रिकाम्या गाडीत, सरळ रस्त्याला काही नाही. घरची मंडळी बसवून नौपाड्यात सोसायटीच्या गेटातून रिव्हर्स घेताना स्टेअरिंग पूर्ण मारलं, की पुढच्या मडफ्लॅपपाशी खर्रर्र. आई दर वेळी, "अरे, काहीतरी लागलं बघ!" गॅरेजवाला म्हणाला स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) टाका, नाहीतर कमानीची कड आत ठोकून देतो. स्पेसरने चाक आतून सुटतं खरं, पण बाहेरच्या कडेला भिडतं, वर बेअरिंगवर ताण. कड ठोकली की रंग तडकतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात जुन्या पत्र्याला गंजायला तेवढं निमित्त पुरे. तेरावर हा आवाज मला आला नाही. तुमच्या रिमचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते, वेगळा असेल तर अनुभवही वेगळा येऊ शकेल.

गायमुखच्या चढावर ७९६ सीसीचं इंजिन चौदावर जरा लवकर खालचा दुसरा गिअर मागतं, असं मला तरी वाटलं. मापून पाहिलेलं नाही.

पैसे देण्याआधी एक कराच. कमानीच्या आतल्या कडेला खडू फासा, गाडीत माणसं बसवा, एक चाक फुटपाथवर चढवून दोन्ही बाजूंना पूर्ण स्टेअरिंग मारा. खडू पुसला गेला तर तिथे घासणार. मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असल्यामुळे वजनाने गाडी बरीच बसते, तिथेही बघा. कारच्या टायरचा लोड इंडेक्स, म्हणजे वजन पेलायचा आकडाही वाचा, ओम्नीचा मूळ टायर एलटी (लाइट ट्रक) असतो.

एकट्यादुकट्याने हायवेलाच जाणाऱ्याला चौदा कदाचित चालतीलही. पण स्टेपनी जुनी बाराचीच राहणार असेल, तर तेराच्या जोडीला ती पंक्चरवाल्यापर्यंत निभावते. चौदाच्या बाजूला, तेही मागच्या डिफरन्शियलवर (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर), मी ती लावणार नाही.